एका सूचनेची बचत

२०११ साली बिटकॉइन मायनिंग करणाऱ्या काही प्रोग्रामरांनी एक चलाखी केली. एएमडीच्या तेव्हाच्या ग्राफिक्स कार्डांना ‘बीएफआय-इंट’ नावाची एक सूचना कळत असे. तीन संख्या घ्यायच्या आणि पहिलीचा एकेक बिट पाहायचा. तो एक असेल तर दुसऱ्या संख्येतला बिट उचलायचा, शून्य असेल तर तिसरीतला. बिटकॉइन ज्या शा-२५६ या गणितावर उभं आहे त्यात नेमकी हीच निवड प्रत्येक फेरीत करावी लागते, आणि सरळ मार्गाने गेलं तर तिला तीन सूचना लागतात. चिप ते काम एका सूचनेत करायला तयार होती. कंपनीचा कंपायलर मात्र ती सूचना वापरतच नव्हता. तेव्हा या मंडळींनी मूळ कोडमध्ये त्या जागी ‘बाइट-अलाइन’ ही भलतीच सूचना लिहिली. तिलाही तीनच संख्या लागतात, त्यामुळे कंपायलरला काही वावगं वाटत नाही. त्याचं काम आटोपलं की तयार बायनरीत शिरायचं, बाइट-अलाइनचा संकेतांक शोधायचा आणि तो खोडून तिथे बीएफआय-इंटचा लिहायचा. हा सगळा खटाटोप मायनिंगचा प्रोग्राम स्वतःच उरकत असे. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नसे.

एका सूचनेसाठी एवढा उपद्व्याप कशाला, असं कुणालाही वाटेल. त्यासाठी मायनिंगमध्ये यंत्र नेमकं काय करतं ते पाहायला हवं. व्यवहारांच्या एका गठ्ठ्याला ब्लॉक म्हणतात, आणि त्याचं शीर्षक ८० बाइटांचं असतं. त्यात आधीच्या ब्लॉकचा हॅश (म्हणजे शा-२५६मधून निघालेली संख्या), व्यवहारांचा गोषवारा, वेळ, काठिण्यपातळी आणि शेवटी ‘नॉन्स’ नावाची चार बाइटांची एक मनमानी संख्या असते. या ऐंशी बाइटांवर शा-२५६ दोनदा चालवायचं. येणारी संख्या ठरलेल्या मर्यादेहून लहान निघाली तर ब्लॉक तुमचा आणि बक्षीसही तुमचं. नाही निघाली तर नॉन्स बदलायचा आणि पुन्हा तेच. यात अक्कल चालत नाही, अनुभव उपयोगी पडत नाही, कालच्या प्रयत्नांचा आज काही लाभ नाही. फक्त प्रयत्नांची संख्या वाढवायची. रेडिऑन एचडी ५८७० या कार्डावर १६०० लहान गणनाघटक होते आणि ते सेकंदाला सुमारे ४० कोटी प्रयत्न करत. त्या काळातल्या चांगल्या सीपीयूची मजल एक-दोन कोटींपर्यंत. प्रत्येक प्रयत्नात शा-२५६च्या चौसष्ट-चौसष्ट फेऱ्या दोनदा, आणि प्रत्येक फेरीत ही निवड. एका फेरीत वाचलेल्या दोन सूचना सेकंदाअखेर कित्येक अब्जांवर जातात.

मला या कोडमधला सर्वांत देखणा भाग वाटतो तो काम टाळण्याचा. नॉन्स बदलला तरी शीर्षकातले पहिले ६४ बाइट बदलत नाहीत, तेव्हा त्यांचा हिशेब एकदाच करून बाजूला ठेवायचा. उरलेल्या १६ बाइटांत नॉन्स सगळ्यांत शेवटी येतो, म्हणून पुढच्या टप्प्यातल्या पहिल्या तीन फेऱ्याही आधीच उरकता येतात. आणि दुसऱ्या हॅशच्या शेवटच्या तीन फेऱ्या तर करायच्याच नाहीत, कारण हा प्रयत्न वाया गेला हे ६१व्या फेरीलाच कळून चुकतं. शा-२५६ची रचना करणाऱ्यांनी त्यात पळवाट ठेवलेली नाही. पण आपल्याला पूर्ण उत्तर नको आहे, फक्त ‘चालेल की नाही’ एवढंच हवं आहे, हे ओळखण्यात खरी हुशारी होती.

बिटकॉइनचा पहिला ब्लॉक ३ जानेवारी २००९चा. सातोशी नाकामोतो या टोपणनावामागच्या माणसाला जीपीयूची, म्हणजे ग्राफिक्स कार्डातल्या चिपची, ताकद सुरुवातीपासून ठाऊक होती, आणि ती त्याला नको होती. ही चढाओढ जमेल तितकी लांबणीवर टाकू या, असा भल्या माणसांचा करार असावा, असं त्याने २००९च्या डिसेंबरमध्ये सुचवलं होतं. ज्याच्याकडे साधा संगणक आहे त्याला चार नाणी मिळत राहिली तर नवे लोक येतील, हे त्यामागचं कारण. करार पाच महिने टिकला. मे २०१०मध्ये फ्लोरिडातल्या लास्लो हान्येच या प्रोग्रामरने जीपीयूवर मायनिंग करून दाखवलं. सातोशीने त्याला जरा दमाने घ्यायला सांगितलं. त्याच महिन्याच्या २२ तारखेला १०,००० बिटकॉइन मोजून दोन पिझ्झे घेणारा तो हाच लास्लो. पिझ्झ्याची गोष्ट जगभर सांगितली जाते. ती नाणी इतक्या सढळ हाताने खर्च करण्याइतकी त्याच्याकडे कुठून आली, त्याचं उत्तर ग्राफिक्स कार्डात आहे.

या सगळ्या धंद्याची मेख मात्र काठिण्यपातळीत आहे. दर २०१६ ब्लॉकांनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, बिटकॉइनचं जाळं हिशेब करतं: ब्लॉक दहा मिनिटांपेक्षा लवकर सापडत असतील तर गणित अवघड करा, उशिरा सापडत असतील तर सोपं. याचा अर्थ असा की सगळ्यांनी मिळून कोड दुप्पट वेगवान केला तरी नाणी तेवढीच निघतात. हवामानाचा अंदाज सांगणारा किंवा चित्रपटातली दृश्यं रंगवणारा प्रोग्राम वेगवान केला की जगात काहीतरी जास्त तयार होतं. इथे तुमची सुधारणा फक्त तोवरच पैसे देते, जोवर ती शेजाऱ्याकडे नाही. एकदा बीएफआय-इंटची युक्ती सर्वांच्या प्रोग्राममध्ये आली, की सगळे पुन्हा होते त्याच रांगेत, होते त्याच जागी. पुढची दहा-अकरा वर्षं या क्षेत्रात जी गुप्तता, जी फी आणि जी कुलपं दिसतात, ती सगळी या एका नियमातून आली आहेत.

त्या पहिल्या पर्वात एनव्हिडियाला कुणी विचारत नव्हतं. जीटीएक्स ५८०सारखं महागडं कार्डही १४-१५ कोटींपुढे सरकत नसे. शा-२५६मध्ये संख्येचे बिट गोल फिरवण्याची क्रिया पदोपदी लागते. रेडिऑनकडे त्यासाठी ‘बिट-अलाइन’ ही एकच सूचना होती. एनव्हिडियाला दोनदा सरकवून मग जोडावं लागे. गेम खेळणाऱ्याला या फरकाशी देणंघेणं नाही. मायनरसाठी तो कार्ड घ्यायचं की नाही हे ठरवणारा होता. या काळातला सर्वाधिक वापरला गेलेला प्रोग्राम ‘सीजीमायनर’ लिहिला ऑस्ट्रेलियातल्या कॉन कोलिवास यांनी. पेशाने ते भूलतज्ज्ञ, आणि लिनक्सच्या गाभ्यात कोणत्या कामाला सीपीयू कधी द्यायचा यावर त्यांनी आधीच नाव कमावलेलं. २०१३च्या जानेवारीत ॲव्हलॉन कंपनीची पहिली एसिक यंत्रं ग्राहकांच्या हातात पडली. ही चिप शा-२५६शिवाय दुसरं काहीच करत नाही. वर्षाअखेर कोलिवास यांनी सीजीमायनरमधून जीपीयूचा भाग काढूनच टाकला.

जीपीयूवाले मग लाइटकॉइन या दुसऱ्या नाण्याकडे वळले. त्याचं ‘स्क्रिप्ट’ हे गणित प्रत्येक प्रयत्नाला १२८ केबी मेमरी मागतं, म्हणजे नुसत्या गणनाघटकांच्या जोरावर ते उरकत नाही. तिथेही एक गंमत निघाली: त्या मेमरीत जो तक्ता ठेवावा लागतो त्यातली एकाआड एक नोंदच साठवायची आणि मधली लागेल तेव्हा पुन्हा काढायची. मेमरी निम्मी, गणित थोडं जास्त. पण २०१४मध्ये स्क्रिप्टच्याही एसिक आल्या.

खरी बहार आली ती इथेरियममुळे. ३० जुलै २०१५ला सुरू झालेल्या या जाळ्याचं ‘इथॅश’ हे गणित मुद्दाम मेमरीवर भार टाकण्यासाठी घडवलेलं होतं. कार्डाच्या मेमरीत एक प्रचंड तक्ता ठेवायचा. सुरुवातीला तो १ जीबीचा होता आणि दर ३०,००० ब्लॉकांनी ८ एमबीने वाढत जाई. प्रत्येक प्रयत्नात त्यातल्या ६४ ठिकाणांहून १२८-१२८ बाइट उचलायचे. पुढची जागा कोणती हे आधीच्या वाचनावर ठरतं, त्यामुळे आधीपासून आणून ठेवायची सोय नाही. चौसष्ट गुणिले एकशे अठ्ठावीस म्हणजे ८१९२ बाइट. आता एएमडीच्या ८ जीबी आरएक्स ५८०चं उदाहरण घ्या. त्याची मेमरी सेकंदाला २५६ अब्ज बाइट पुरवते. भागाकार केला की येतात ३ कोटी १२ लाख ५० हजार. या कार्डाने सेकंदाला याहून जास्त प्रयत्न करणं शक्यच नाही, तुम्ही कोड कितीही घासूनपुसून लिहा. पोळ्या लाटायला सोळा जणी बसवल्या तरी तवा एकच असेल तर भराभर लाटून उपयोग काय?

पण दुकानातून आणलेलं कार्ड ३.१ कोटींच्या जवळही जात नसे, ते २.४-२.५ कोटींवर अडायचं. उरलेला पाचवा हिस्सा कुठे गेला, या प्रश्नाने मायनर मंडळींना सॉफ्टवेअरच्याही खाली, कार्डाच्या बायॉसमध्ये, म्हणजे कार्ड सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, नेलं.

मेमरी चिपमध्ये माहिती ओळींत आणि स्तंभांत साठवलेली असते. एखादी ओळ वाचायची तर आधी ती उघडावी लागते, स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं, मग स्तंभ वाचायचा, मग ओळ बंद करायची, पुन्हा थांबायचं आणि पुढची उघडायची. मधूनमधून सगळ्या पेशींना पुन्हा विद्युतभार द्यायचा. या प्रत्येक थांब्याची मुदत ठरलेली असते. गेममध्ये शेजारशेजारचे बाइट एकदम वाचले जातात, तेव्हा हे थांबे फारसे जाणवत नाहीत. इथॅश मात्र प्रत्येक वेळी भलत्याच ओळीवर उडी मारतं, म्हणजे थांबेच थांबे. बायॉसमध्ये मेमरीच्या प्रत्येक वेगपट्ट्यासाठी या मुदतींची एक माळ लिहिलेली असते: ४८ बाइट, म्हणजे सोळाच्या पायातले ९६ अंक. तिला ‘स्ट्रॅप’ म्हणतात. वेग वाढतो तशा कंपन्या मुदती सैल ठेवतात, कारण लाखो कार्डांतलं सर्वांत कच्चं कार्डही चाललं पाहिजे.

युक्ती अगदी बाळबोध निघाली. १५०० किंवा १७५० मेगाहर्ट्झसाठी लिहिलेली कडक माळ उचलायची आणि २०००च्या रकान्यात चिकटवायची. आरएक्स ५८० ज्यातलं, त्या पोलारिस कुटुंबातल्या कार्डांसाठी तर हे करणारा एक लहानसा संपादक-प्रोग्रामही आला. बायॉस बदलला की एएमडीचा ड्रायव्हर सही जुळत नाही म्हणून कार्ड नाकारायचा, तेव्हा ड्रायव्हरलाही एक ठिगळ लावावं लागे. एवढं केलं की तेच कार्ड २.९-३ कोटींवर जात असे. भागाकाराने घातलेल्या मर्यादेला जवळजवळ टेकत असे. मेमरी सॅमसंगची निघाली तर मायनर खूश, हायनिक्स किंवा एल्पिडाची निघाली तर कपाळाला आठी. डब्यावर तसं काही छापलेलं नसायचं. कार्ड लावल्यावरच नशीब कळायचं. माळ जास्तच कडक झाली की चुका येत, पडदा काळा होई. कधी कार्ड उठतच नसे. मग बायॉस चिपच्या पहिल्या आणि आठव्या पायांना तारेने जोडून संगणक सुरू करायचा, योग्य क्षणी तार काढायची आणि जुना बायॉस परत लिहायचा, हा त्यावरचा घरगुती उपाय.

२०१७च्या उन्हाळ्यात आणखी एक कोडं पडलं. तक्ता वाढत गेला तसा पोलारिस कार्डांचा वेग आपोआप घसरू लागला. कोड तोच, स्ट्रॅप तीच. कारण निघालं पत्त्यांच्या भाषांतरात. मेमरीतला एखादा पत्ता खरा कुठे आहे हे सांगणारी एक छोटी वही चिपमध्ये असते. वाढलेल्या तक्त्याची पानं त्या वहीत मावेनाशी झाली होती. त्या वर्षी ऑगस्टमध्ये एएमडीने खास मायनरांसाठी एक बीटा ड्रायव्हर काढला आणि घसरण थांबली. गेमर्ससाठी कार्डं बनवणाऱ्या कंपनीने मायनरांच्या तक्रारीवर ड्रायव्हर काढावा, ही तेव्हा बातमीच होती.

गणनाघटक मेमरीची वाट पाहत रिकामे बसतात, हे ‘क्लेमोर’ या टोपणनावाच्या प्रोग्रामरने हेरलं आणि त्या रिकाम्या वेळात त्यांना डिक्रेड नावाचं दुसरंच नाणं खणायला लावलं. एका कार्डावर दोन नाणी. त्याच्या प्रोग्रामचा कोड बंद होता आणि त्याची फी होती एक टक्का: तासातली ३६ सेकंदं तुमचं कार्ड तुमच्यासाठी नाही, त्याच्यासाठी खणत असे. ही ३६ सेकंदंही न देता प्रोग्राम वापरता यावा म्हणून लोकांनी वेगळे प्रोग्राम लिहिले. ते मधल्या मधे संदेश पकडून त्यातला क्लेमोरच्या पाकिटाचा, म्हणजे नाणी जमा होतात त्या खात्याचा, पत्ता खोडत आणि वापरणाऱ्याचा घालत. मला यात चोरावर मोर होण्यापेक्षा जास्त काही दिसत नाही. खुल्या कोडचा ‘इथमायनर’ फुकट होता, तरी बहुतेकांनी फी भरून बंद प्रोग्राम वापरले, कारण त्यांत एक-दोन टक्के वेग अधिक असे. काठिण्यपातळीच्या राज्यात एक-दोन टक्के म्हणजे नफा.

वेग मेमरीने बांधलेला असल्याने उरलेली कसरत विजेची होती. चिपचा वीजवापर घड्याळाच्या वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. गणनाघटकांच्या गाभ्याला रिकामंच बसायचं असेल तर त्याचा वेग कमी करा, व्होल्टेज उतरवा. १.१५ व्होल्टवरून ०.९वर आणलं तर केवळ व्होल्टेजमुळे गाभ्याची भूक सुमारे चाळीस टक्के घटते, आणि इथॅशचा वेग जागचा हलत नाही. गेमर कार्ड घेतल्यावर गाभा पळवतो. मायनर गाभा झोपवतो आणि मेमरी पळवतो.

आपल्याकडचं गणित याच वळणावर बिघडतं. एक किलोवॅटची रिग, म्हणजे मायनिंगच्या कार्डांचा संच, दिवसाला २४ युनिट आणि महिन्याला ७२० युनिट खाते. महावितरणचा घरगुती दर वापर वाढेल तसा चढत जातो; शिवाय मे महिन्यात नागपूरच्या खोलीत सहा कार्डं चोवीस तास चालवायची म्हणजे पंख्यांची आणि एसीची वीज वेगळीच. आइसलंडमध्ये स्वस्त वीज आणि फुकटचा थंड वारा, चीनच्या सिचुआनमध्ये पावसाळ्यातली जलविद्युत, यांच्याशी तेव्हा बरोबरी करायची कशी? तरीही २०१७-१८ आणि २०२१मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कार्डांचे भाव छापील किमतीच्या पुष्कळ वर होते. व्यवस्थेच्या बाजूनेही ऊनपाऊस चालू होता. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८मध्ये बँकांना आभासी चलनांच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. १ एप्रिल २०२२पासून नफ्यावर ३० टक्के कर आला, आणि मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च त्यातून वजा करता येणार नाही हे सरकारने लोकसभेत स्पष्ट केलं. कार्डाच्या खरेदीचा एक रुपयाही धरायचा नाही, हा नियम मला आजही अजब वाटतो.

२०२१मध्ये एनव्हिडियाने शर्यतीत उलट्या दिशेने उडी घेतली. कार्डं गेमर्सना मिळत नव्हती, म्हणून २५ फेब्रुवारीला आलेल्या आरटीएक्स ३०६०मध्ये इथॅश ओळखून वेग अर्ध्यावर आणणारं कुलूप घालण्यात आलं. ड्रायव्हर, बायॉस आणि चिप तिघांत हातमिळवणी आहे, एकाला फोडून भागणार नाही, असं कंपनीने छातीठोकपणे सांगितलं. महिनाही झाला नव्हता तोच कंपनीनेच दिलेल्या ४७०.०५ या बीटा ड्रायव्हरमध्ये कुलूप घालायचं राहून गेलं. तो ड्रायव्हर चालण्यासाठी कार्डाला मॉनिटर जोडलेला असावा लागे, तेव्हा मायनरांनी खोटे एचडीएमआय प्लग खोचून मॉनिटरचा देखावा केला. मे महिन्यात कुलूप ३०६० टीआय, ३०७० आणि ३०८०वरही आलं.

त्यानंतरचं वर्ष हे खरं तर उंदीर-मांजराचं. ऑगस्टमध्ये एनबीमायनर या मायनिंग-प्रोग्रामने सत्तर टक्क्यांपर्यंत वेग परत आणला: कुलूप जागं होण्याच्या जरा अलीकडे थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं. टी-रेक्स या दुसऱ्या प्रोग्रामने उरलेल्या ताकदीवर दुसरं नाणं खणायची सोय केली. फेब्रुवारी २०२२मध्ये ‘पूर्ण कुलूप उघडतो’ म्हणत एक प्रोग्राम फिरला, त्यात व्हायरस निघाला. त्याच महिन्यात लॅप्सस नावाच्या टोळीने एनव्हिडियाच्या संगणकांत घुसून माहिती चोरली, आणि त्यांची एक मागणी हे कुलूप काढण्याची होती. अखेर ७ मे २०२२ला नाइसहॅश कंपनीने आपल्या मायनिंग-प्रोग्रामची शंभर टक्के वेग देणारी आवृत्ती काढली. त्याच्या आदल्याच दिवशी, २०१७मधल्या विक्रीतला मायनिंगचा वाटा गुंतवणूकदारांना नीट न सांगितल्याबद्दल एनव्हिडियाने अमेरिकेच्या रोखे आयोगाला ५५ लाख डॉलर दंड मान्य केला होता. हे कुलूप मला कधीच पटलं नाही. विकलेल्या वस्तूने ग्राहकाचं काम ओळखून मुद्दाम हळू चालावं, यात गेमर्सची कड घेतल्याचा आव होता. पण त्याच महिन्यांत कंपनी ‘सीएमपी’ या नावाने फक्त मायनिंगची, पडद्याची जोडणीच नसलेली कार्डं विकत होती.

पूर्ण वेग जेमतेम चार महिने उपयोगी पडला. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने मायनिंगच बंद केलं. तक्ता तोवर ५ जीबीच्या वर गेला होता, आणि ४ जीबीची कार्डं तर २०२०च्या अखेरीलाच बाद झाली होती. त्या दिवशी जाळ्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. मायनरांचा लोंढा इथेरियम क्लासिक, रेवनकॉइन अशा लहान नाण्यांकडे धावला. काठिण्यपातळी तिथेही होतीच, तिने चढून बहुतेकांची कमाई विजेच्या बिलाखाली नेली. जुन्या बाजारात कार्डांचे ढीग लागले. ‘मायनिंगला वापरलंय का?’ हा प्रश्न गिऱ्हाईक आजही विचारतं. माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. गाभा कमी व्होल्टेजवर शांत पडून असतो. पंखे आणि मेमरीखालचे थर्मल पॅड झिजलेत का, हे विचारावं. आरटीएक्स ३०८० आणि ३०९०ची मेमरी मायनिंगमध्ये ११० अंश सेल्सिअसला टेकून स्वतःला हळू करत असे, आणि जाणते मायनर आधी पॅड बदलून मगच ती कामाला लावत.

या कौशल्याला पुढे काय काम मिळालं, याचं उत्तर न्यू जर्सीत आहे. २०१७मध्ये तिथे ॲटलांटिक क्रिप्टो नावाने काही व्यापाऱ्यांनी इथेरियम मायनिंगची कंपनी काढली. तिचं नाव पुढे कोअरवीव्ह झालं, तिने जीपीयू भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि मार्च २०२५मध्ये ती नॅसडॅकवर आली ती कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी यंत्रं भाड्याने देणारी मोठी यंत्रशाळा म्हणून. गंमत म्हणजे भागाकारही तोच राहिला आहे. भाषा-मॉडेल उत्तर लिहिताना प्रत्येक शब्दांशासाठी आपले सगळे आकडे मेमरीतून एकदा वाचून काढतं. सेकंदाला ९३६ अब्ज बाइट पुरवणाऱ्या जुन्या आरटीएक्स ३०९०वर १३ अब्ज बाइटांचं मॉडेल ठेवलं, तर सेकंदाला ७२ शब्दांशांपुढे जाता येत नाही, गाभा कितीही रिकामा असो. म्हणून आता आकडे १६ बिटांऐवजी ४ बिटांत मावतील कसे, याच्यामागे लोक लागले आहेत. मॉडेल चौथ्या हिश्शावर आलं की वेगाची मर्यादा चौपट होते. आणि इथे ही कमाई दोन आठवड्यांनी कुणी काढून घेत नाही.